दाद, दंड आणि दुर्लक्ष



स्मृतिव्याख्यानाला उभं राहणाऱ्यावर दोन जबाबदाऱ्या असतात. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते त्यांच्या नावाला शोभेल असं बोलायचं, आणि समोरच्यांना घड्याळाकडे बघायला लावायचं नाही. पहिली कितपत पेलेल याची मला धास्ती आहे. दुसरीसाठी मी विषयच असा घेतलाय की झोप लागणं अवघड. संयोजकांनी फोनवर विषय विचारला. म्हटलं, "रॅप." ते म्हणाले, "म्हणजे ते भराभर बोलतात, ते?" म्हटलं, हो, तेच ते.

आज मला एकच प्रश्न मांडायचाय. गाणं लोकांसमोर आलं, की पुढे त्याचं काय होतं? लिहिलं कसं, चाल कशी सुचली, यावर भरपूर बोललं जातं. पण आल्यानंतर त्याच्याशी कोण कसं वागतं, याचा हिशेब आपण क्वचितच मांडतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी घाई नको. आपल्याकडे रॅपच्या गाण्याच्या वाट्याला तीन गोष्टी येतात. दाद, दंड आणि दुर्लक्ष. तिन्ही एकमेकांपासून फार लांबच्या दिसतात. एकीत पैसा आहे, दुसरीत पोलीस आहेत, तिसरीत शांतता आहे. तरी तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. तिन्हींत गाणं ऐकलं जात नाही.

आता क्रमाने जाऊ.

१९०२ साली कोलकात्यात गौहरजान ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर उभ्या राहिल्या. तेव्हापासून पुढची काही दशकं गाणं लोकांपर्यंत न्यायचं तर आधी कंपनीच्या दारात उभं राहावं लागे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू म्हणजे साधारण तीन मिनिटं. तेवढ्यात बसवा, नाहीतर घरी जा. रेडिओ आला, तर त्याची स्वरचाचणी आली. चित्रपट आला, तर संगीतकार, निर्माता, वितरक आले. लता मंगेशकरांचा जन्म याच इंदुरातला, १९२९ चा. त्यांच्यासारख्या आवाजालाही सुरुवातीला दारं ठोठावावी लागली, हे तुम्हाला मी सांगायला नको. सांगायचा मुद्दा असा, की प्रकाशन महाग होतं. पण एकदा तबकडी निघाली की ऐकणारा जागेवर होता. रेडिओच्या वेळा ठरलेल्या, घरं ठरलेली, चौकातलं उपाहारगृहही ठरलेलं.

जानेवारी २०१४ मध्ये मुंबईच्या कुर्ल्यातल्या नावेद शेख नावाच्या मुलाने, नेझी हे नाव घेऊन, 'आफत' हे गाणं यूट्यूबवर टाकलं. त्याचं चित्रीकरण आयपॅडवर केलेलं होतं. कंपनी नाही, चाचणी नाही, वितरक नाही. दार नाहीच, तर ठोठावायचं काय? प्रकाशन इतकं स्वस्त झालं, की ते प्रकाशन आहे हे कुणाच्या लक्षातही येईना. मग महाग काय झालं? ऐकणारा. रोज असंख्य गाणी त्याच पडद्यावर येऊन पडतात आणि ती ऐकायला माणसाकडे तेच चोवीस तास आहेत.

पुढे जाण्याआधी थोडं व्याकरण सांगतो, कारण सभागृहात जाणकार बसलेत. उस्ताद अमीर खाँसाहेबांचं हे शहर. झूमऱ्याच्या अतिविलंबित लयीत समेची वाट बघत बसायची सवय असलेल्या माणसांना रॅप म्हणजे नुसती घाई वाटणार. तर घाई बाजूला ठेवू. हिपहॉपचा जन्म तारखेसकट सांगता येतो. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग, १५२० सेजविक अव्हेन्यू. जमैकातून आलेल्या कुटुंबातला एक मुलगा, डीजे कूल हर्क, बहिणीने ठेवलेल्या पार्टीत तबकड्या वाजवत होता. गाण्यातला निव्वळ तालाचा तुकडा आला की नाचणारे खुलतात, हे त्याने हेरलं होतं. दोन तबकड्या आलटून पालटून फिरवून तो तेवढाच तुकडा लांबवायचा. त्या लांबवलेल्या तालावर बोलणं आलं. बोलण्यात यमकं आली. १९७९ मध्ये 'रॅपर्स डिलाइट' ही तबकडी निघाली आणि मोहल्ल्यातली करमणूक दुकानात विकायला आली.

चार मात्रांचा एक बार. साधारण सोळा बारांचं एक कडवं. मधे परत परत येतं ते हुक, म्हणजे आपलं ध्रुपद. खाली वाजतो तो बीट. आणि शब्द नेमके मात्रेवर टाकायचे, की मात्रेच्या किंचित आधी, की मागे रेंगाळत, या चालीला म्हणतात फ्लो. लयकारी जाणणाऱ्याला यात अनोळखी काय आहे? यमक तर आपल्या घरचंच. मोरोपंतांनी यमकासाठी शब्दांची जेवढी ओढाताण केली, तेवढी आजचा एकही रॅपर करत नाही. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांना हे नातं दिसलं. 'ता धोम' या त्यांच्या प्रकल्पात त्यांनी मुंबईच्या रॅपर मुलांना कर्नाटक संगीतातलं कोन्नक्कोल, म्हणजे तालाचे बोल म्हणायची विद्या, शिकवली. 'गली बॉय' चित्रपटातलं 'इंडिया ९१' हे गाणं त्यातून आलं. तेव्हा 'हे संगीत आहे का' हा प्रश्न आज आपण घेणार नाही. तो मृदंगवाल्यांनी आधीच सोडवलाय.

आता पहिला मुद्दा. दाद.

२०१५ मध्ये 'मेरे गली में' हे गाणं आलं. गाणारे दोघे. अंधेरीच्या जे. बी. नगरचा डिव्हाइन, म्हणजे विव्हियन फर्नांडिस, आणि मघाशी सांगितलेला कुर्ल्याचा नेझी. संगीत दिल्लीच्या सेझ ऑन द बीट यांचं. पडद्यावर दिसल्या त्या खऱ्या गल्ल्या, खरी पोरं. मुंबईचा चेहरा म्हणून आपण मरीन ड्राइव्ह बघत आलो होतो. इथे गटारावरच्या फरशा होत्या, वायरींची जाळी होती आणि त्यात उभं राहून कुणी कीव मागत नव्हतं. जवळजवळ चार वर्षांनी, १४ फेब्रुवारी २०१९ ला, झोया अख्तर यांचा 'गली बॉय' प्रदर्शित झाला. या दोघांच्या आयुष्यांवरून स्फुरलेला. हेच गाणं त्यात पुन्हा आलं, आता रणवीर सिंगच्या आवाजासह. चित्रपटाला १३ फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. भारतातर्फे ऑस्करलाही तोच गेला.

यापेक्षा मोठी दाद काय असते? आणि तिचं मोल मी कमी करणार नाही. त्या चित्रपटानंतर अमरावतीतल्या, नागपुरातल्या, छत्रपती संभाजीनगरातल्या, आणि तुमच्या इंदुरातल्याही पोराला घरी सांगता आलं, की मी काय करतोय. घरच्यांना उदाहरण दाखवता आलं. हे लहान काम नाही.

पण बाजाराने नेमकी दाद कशाला दिली? वर चढण्याला. गल्लीतून निघालेला मुलगा हजारोंसमोर उभा राहतो, ही गोष्ट बाजाराला आवडली. गल्ली तशी का राहिली, ही तक्रार त्या गोष्टीत मागच्या बाकावर बसली. लवकरच 'गल्ली' हा शब्द जाहिरातींत आला, कपड्यांवर आला. बाजार गायकाची गरिबी आनंदाने विकत घेतो. गरिबीचं कारण मात्र त्याला नको असतं.

तुमच्या शहराचंच एक उदाहरण देतो. राहत इंदौरी. तरुणपणी दुकानांच्या पाट्या रंगवणारा हा माणूस मुशायऱ्याचा बादशहा झाला. २०२० च्या सुरुवातीला त्यांची एक जुनी गझल अचानक टिकटॉकवर पसरली. ज्यांनी जन्मात मुशायरा पाहिला नव्हता अशी पोरं त्यातल्या अर्ध्या ओळीवर ओठ हलवू लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राहतसाहेब गेले. आता सांगा, ती दाद होती का? होतीही आणि नव्हतीही. मुशायऱ्यात ऐकणारा 'मुकर्रर' म्हणतो. म्हणजे शायराला कळतं, की कुठला शेर लागला, कुठे सभागृह थंड राहिलं. शायर थांबतो, वळतो, तोच मिसरा पुन्हा वेगळ्या वजनाने म्हणतो. ऐकणं म्हणणाऱ्याला घडवत जातं. पडद्याखालचा आकडा यातलं काय सांगतो? किती जणांनी बोट लावलं, एवढंच. कुठल्या ओळीवर कुणाचा श्वास अडकला, हे त्यात कुठे आहे?

दुसरा मुद्दा. दंड. आणि हा मी इंदुरात बोलतोय, तेव्हा इंदुरापासूनच सुरुवात करणं भाग आहे.

१२ फेब्रुवारी २०२३ ला पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरच्या वस्तीतून आलेला रॅपर एमसी स्टॅन 'बिग बॉस'च्या सोळाव्या पर्वाचा विजेता ठरला. १७ मार्चला त्याचा कार्यक्रम याच शहरात होता. करणी सेनेचे कार्यकर्ते मंचावर चढले आणि कार्यक्रम पार पडू शकला नाही. तक्रार काय होती? गाण्यांत शिव्या आहेत, बायकांबद्दल हीन बोललं जातं, तरुणांवर वाईट परिणाम होतो.

मी सरळ बोलतो. या तक्रारीत तथ्यच नाही असं मी म्हणणार नाही. रॅपमध्ये बाईचा उल्लेख अनेकदा मालमत्तेसारखा येतो. पुण्यात येतो, दिल्लीत येतो, अमेरिकेत तर फार आधीपासून येतो. वस्तीची भाषा खरी आहे म्हणून ती तपासायचीच नाही, हा युक्तिवाद मला मान्य नाही. त्याच मुलाने 'अस्तगफिरुल्लाह' नावाचं गाणंही केलं आहे, मागे वळून बघणारं, क्षमा मागणारं. ही दोन्ही प्रकारची गाणी शेजारी ठेवून त्याला कुणी विचारलं असतं, 'बाबा रे, स्वतःच्या आयुष्याकडे बघताना तुला जी लाज वाटते, ती बाईबद्दल लिहिताना कुठे जाते?' तर तो प्रश्न त्याला टाळता आला असता का? पण मंचावर माणसं चढली आणि प्रश्न संपला. चाहते म्हणाले, आमच्या माणसावर हल्ला झाला. विरोधक म्हणाले, संस्कृती वाचली. गाण्यावर चर्चा झाली का? एका वाक्याची नाही. दंडाचा पहिला परिणाम हा, की ज्याच्यावर टीका व्हायला हवी तो टीकेतून सुटतो.

आता महाराष्ट्रात चला. इंदूरच्या त्या प्रकाराला पंधरवडाही झाला नसेल. छत्रपती संभाजीनगरचा राज मुंगासे या तरुण रॅपरचं मराठी गाणं फिरू लागलं. आदल्या वर्षी शिवसेनेत फूट पडून सरकार बदललं होतं आणि विधान भवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी पन्नास खोक्यांची, म्हणजे पन्नास कोटींची, घोषणा दिली होती. ती घोषणा तोवर राज्यभर झाली होती. मुंगासेने तोच आकडा उचलला. गाण्यात नाव कुणाचंच नाही. तरीही एप्रिलच्या सुरुवातीला अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. तक्रार सत्ताधारी पक्षाच्या युवा संघटनेकडून आली होती. त्याच सुमारास मुंबईत उमेश खाडे या दुसऱ्या रॅपरवर वडाळ्याला गुन्हा नोंदवला गेला, तोही राजकारण्यांवर कोरडे ओढणाऱ्या गाण्यासाठी.

नाव घेतलं नाही, मग राग कुणाला आला? ही गंमत आपल्याला नवी आहे का? कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. गोष्ट महाभारतातली. कीचक, सैरंध्री, भीम, सगळे विराटाच्या नगरीतले. माजी व्हाइसरॉय कर्झनचं नाव कुठेही नाही. पण पिटातल्या प्रेक्षकाला कीचक कोण ते कळलं आणि थोड्या उशिराने सरकारलाही कळलं. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. नाव न घेणं ही आपल्या तमाशातल्या बतावणीची, भारुडाची, वगाची जुनी युक्ती आहे. सांगणारा अर्धं सांगतो, उरलेलं अर्धं प्रेक्षक पुरं करतो. तक्रारदार जेव्हा म्हणतो 'हे आमच्याबद्दलच आहे', तेव्हा ते उरलेलं अर्धं त्याने स्वतःच्या हाताने भरलेलं असतं.

इथे एक गोष्ट मधेच सांगतो. रॅप म्हणजे आजचा पोवाडा, असं म्हणायची पद्धत पडलीय. म्हटलं की टाळ्या मिळतात. मला ते अर्धंच पटतं. शाहिराच्या मागे झीलकरी असत, हातात डफ, शेजारी तुणतुणं. समोर जमाव असे. शाहीर त्या जमावाला ओळखत असे आणि जमाव शाहिराला. त्याला अडवायचं तर फड अडवावा लागे. गावाच्या देखत अडवावा लागे. रॅपर खोलीत एकटा असतो. मोबाइलवर गाणं टाकतो. त्याचा जमाव नंतर जमतो, आणि तो परक्या माणसांचा असतो. गुन्हा दाखल झाला, की हा जमाव पडद्यावर बोटं उमटवतो, पण ठाण्याच्या पायरीवर तो मुलगा एकटाच असतो. शाहिरीशी नातं सांगायचं तर हा फरकही सांगितला पाहिजे. वारसा सांगणं सोपं आहे. झील धरायला कोण उभं राहतं?

मुंगासेच्या बाजूने विरोधी पक्षाची माणसं उभी राहिली. विधान परिषदेतले तेव्हाचे विरोधी पक्षनेते अंबादास दानवे बोलले. चांगलंच झालं, त्या मुलाला आधार हवा होता. पण आपण जरा कठोर होऊ. ज्यांना गाणं झोंबलं त्यांनी त्यातली घोषणा ऐकली. ज्यांना आवडलं त्यांनीही तीच घोषणा ऐकली. सरकार दुसऱ्या बाजूचं असतं तर याच गाण्याला मिळालेल्या पाठीवरच्या थापा आणि गुन्हे यांची अदलाबदल झाली नसती, असं कोण छातीठोक सांगेल? मग गाणं म्हणून ते कसं होतं? एकच आकडा पुन्हा पुन्हा आपटून त्याचं हत्यार करणं, हसवता हसवता बोचणं, हे त्याला साधलं होतं का? कुठे सैल पडलं होतं का? याबद्दल त्या एप्रिलमध्ये कुणी काही लिहिल्याचं तुम्हाला आठवतं का?

तिसरा मुद्दा, दुर्लक्ष. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, कारण दाद आणि दंड यांच्या बातम्या होतात. दुर्लक्षाची होत नाही.

२०१९ मध्ये 'द वारली रिव्होल्ट' हे गाणं आलं. गाणारा समूह मुंबईचा, स्वदेशी. काढलं दिल्लीच्या आझादी रेकॉर्ड्सने. या समूहाची घडणच बघण्यासारखी आहे. एमसी मवाली मराठीतून रॅप करतो. एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, गुजरातीतून करायचा. हा मुलगा मार्च २०२२ मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी गेला. १०० आरबीएच या नावाने गाणारा सौरभ अभ्यंकर अमरावतीचा, त्याच्या तोंडी वऱ्हाडी. आणि या गाण्यात त्यांच्यासोबत आवाज आहे प्रकाश भोईर यांचा. भोईर हे आरेतल्या केलटीपाड्याचे, आदिवासी, तिथल्या लढ्यातले कार्यकर्ते.

आरे म्हणजे काय, हे इंदुरात थोडं सांगावं लागेल. मुंबईच्या गोरेगावात १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते आरे दुग्ध वसाहतीचं उद्घाटन झालं. तबेले शहराबाहेर न्यायचे, लोकांना स्वच्छ दूध द्यायचं, असा हेतू. जागा ३,००० एकरांहून मोठी. पण ती जागा मोकळी नव्हती. तिथे आदिवासींचे पाडे आधीपासून होते, आजही आहेत. पुढे मेट्रो ३ ची कारशेड तिथे करायचं ठरलं. २९ ऑगस्ट २०१९ ला मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडं तोडायला आणि हलवायला परवानगी दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. त्याच रात्री करवती चालल्या. लोक धावले, जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितलं, तोवर दोन हजारांहून जास्त झाडं आडवी झाली होती. पुढे सरकारं बदलली, कारशेड कांजूरमार्गला गेली, २०२२ मध्ये परत आरेला आली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या मार्गाचा पहिला टप्पा सुरूही झाला.

हे सगळं होण्याआधी गाणं आलं होतं. त्याने तोड थांबली का? नाही. मग ते फसलं का?

असं विचारणाऱ्याने एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या वर्षी वर्तमानपत्रांत वाद कसा मांडला जात होता ते आठवा. एका बाजूला मेट्रो, दुसऱ्या बाजूला झाडं. विकास की पर्यावरण. न्यायालयात युक्तिवाद चालला तो आरे हे जंगल आहे की नाही, यावर. या दोन बाजूंच्या मधे जी माणसं राहत होती ती कुठे होती? गाण्याने ती मधोमध आणून उभी केली. आणि त्याहून मोठं काम गाण्याच्या नावाने केलं.

वारल्यांचं बंड म्हणजे १९४५. ठाणे जिल्ह्यातले डहाणू, तलासरी, उंबरगावचे वारली. लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फेडायला नवरा-बायकोने जन्मभर त्याच्या दारी राबायचं, अशा राबणाऱ्याला तिकडे लग्नगडी म्हणत. किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी या लोकांना संघटित केलं. मे १९४५ मध्ये झरी गावी परिषद झाली आणि वेठबिगार करणार नाही असं वारल्यांनी ठरवलं. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाडा इथे हजारोंचा जमाव जमला होता. पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मेले, त्यांत जेठ्या गांगड. हे सगळं गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवलंय. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात ते असेल.

आता बघा. ज्याच्या कपाटात ते पुस्तक आहे त्याच्या कानावर ते गाणं गेलेलं नाही. ज्याच्या मोबाइलमध्ये ते गाणं आहे त्याने ते पुस्तक उघडलेलं नाही. दोघं एकाच भाषेचे, कदाचित एकाच घरातले. आजी आणि नातू. गाण्याचा अर्धा अर्थ आजीच्या कपाटात आहे आणि अर्धा नातवाच्या हेडफोनमध्ये. तलवाडा ठाऊक नसेल तर 'रिव्होल्ट' हा नुसता जोशाचा शब्द उरतो. तलवाडा ठाऊक असेल तर कळतं, की १९४५ मध्ये हे लोक स्वतःच्या अंगमेहनतीवरचा हक्क मागत होते आणि २०१९ मध्ये पायाखालच्या जमिनीवरचा. गाणं हे दोन काळ एका नावात बांधतं. ही गाठ दाखवणं कुणाचं काम होतं? गाणाऱ्यांचं? त्यांनी ती बांधली, त्यांचं काम झालं. दाखवायचं काम आपलं होतं. समीक्षकाचं, संपादकाचं, शिक्षकाचं, रसिकाचं. आपण ते केलं नाही. पुस्तकाला परीक्षण असतं, नाटकाला असतं, पडेल चित्रपटालाही शुक्रवारी तारे मिळतात. मराठी रॅपच्या गाण्यावर नीट, ओळीओळीने लिहिलेला लेख तुम्ही शेवटचा कधी वाचला? दिवाळी अंकांत वाचला?

यालाच मी दुर्लक्ष म्हणतो. बाजार दाद देतो, सत्ता दंड देते, आणि आपण सुसंस्कृत माणसं दुर्लक्ष करतो. तिघांत आपण सर्वांत निरुपद्रवी, असं आपल्याला वाटतं. मला तसं वाटत नाही. दाद आणि दंड यांच्याच हाती गाणं राहिलं, तर पुढचा रॅपर दोनच गोष्टी शिकेल. विकलं जाईल असं लिहायचं, नाहीतर भडका उडेल असं लिहायचं. चांगलं लिहिलंय की नाही, हे त्याला सांगणारा तिसरा माणूस त्याच्या आयुष्यात येणारच नाही.

हे ऐकणं नवीन शिकायला लागेल का? तुम्हाला तर अजिबात नाही. इथून जेमतेम चाळीस किलोमीटरवर देवास आहे. १९४८ मध्ये कुमार गंधर्व तिथे आले, क्षयाने खाटेला खिळले. गाणं बंद होतं, कान उघडे होते. त्या काळात माळव्यातल्या बायकांची गाणी, रस्त्याने जाणाऱ्या जोगी-फकिरांची निर्गुणी भजनं त्यांनी ऐकली. नुसती ऐकली नाहीत, जमवली, तपासली. त्या धुनांतून नवे राग बांधले, १९६५ च्या 'अनूपरागविलास'मध्ये ते लिहून ठेवले. ज्या गाण्याला बैठकीतली माणसं अडाणी म्हणत होती, त्याची गुणवत्ता एका कानाने ठरवली. तुम्ही म्हणाल, तो कलावंताचा कान होता. मान्य. पण त्यानंतर त्या मैफली ऐकून डोलणारे कान कुणाचे होते? इंदूर-देवास-उज्जैनच्या सामान्य रसिकांचेच ना?

भाषेचीही अडचण तुम्हाला असायचं कारण नाही. पुण्यातला माणूस रॅपमधली हिंदीमिश्रित मराठी ऐकून नाक मुरडतो. इंदूरकर मराठी माणूस कुठल्या तोंडाने मुरडेल? होळकरांच्या काळापासून तुम्ही दोन भाषा एकाच श्वासात बोलत आलात. तुमचं मराठी ऐकून पुणेकर हसतात आणि तुम्ही ते हसण्यावारी नेता. मिश्र बोलीत जगणं किती खरं असतं, हे रॅपरच्या आधी तुम्हाला ठाऊक आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि ती इथल्या संस्थांकडे आहे. वर्षातली एक संध्याकाळ द्या. एक मराठी रॅपचं गाणं निवडा. तीनदा वाजवा. पहिल्यांदा फक्त लय ऐका, शब्द कळले नाहीत तरी चालतील. दुसऱ्यांदा शब्द ऐका, हवे तर कागदावर छापून वाटा. तिसऱ्यांदा, ते कुठल्या जमिनीवर उभं आहे ते शोधून ठेवा आणि मग ऐका. त्यानंतर भांडा. शिव्या खटकल्या तर सांगा. बाईबद्दलची ओळ घाणेरडी वाटली तर उभं राहून तसं म्हणा. यमक ओढून आणलं असेल तर मोरोपंतांची आठवण करून द्या. शक्य असेल तर गाणाऱ्यालाच समोर बसवा आणि त्यालाही बोलू द्या. आणि त्या संध्याकाळचा वृत्तांत तुमच्या अंकात छापा, नुसतं 'कार्यक्रम उत्साहात पार पडला' असं नको.

सभागृहात नातवंडांना घेऊन आलेले काही जण दिसतात. त्यांच्यासाठी वेगळं काम आहे. आज रात्री त्यांना एक गाणं लावायला सांगा आणि त्या बदल्यात त्यांना तलवाड्याची गोष्ट सांगा.

 आता प्रश्न विचारा, आणि मिळमिळीत नकोत.